पाचव्या पिढीतला माणूस

१२ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा तेच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मी त्याचा डावा डोळा झाकला, म्हटलं वरून वाचा. पहिली ओळ, "याकूत." बरोबर. दुसरी, "चुवाश, तातार." बरोबर. तिसरीत "गागाऊझ"पाशी गाडी थांबली. तो म्हणाला, "भाऊ, हे मले दिसून नाही राहिलं का समजून नाही राहिलं, तेच समजून नाही राहिलं." नंबर काढला, पण तीनदा काच बदलावी लागली.

वंदनाचं म्हणणं, साधी पाटी लावा, लोक घाबरतात. साधी पाटी तर इथे नागपुरात इंदोऱ्यातल्या प्रत्येक चष्मेवाल्याकडे आहे! तुर्कवंशी लोकांच्या नावांची पाटी माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या विदर्भात माझ्याचकडे. अक्षरं मी स्वतः रंगवली, प्रत्येक ओळीची उंची नियमाप्रमाणे. चष्म्यासोबत माणसाला थोडं ज्ञान फुकट मिळालं तर बिघडतं काय?

लेकीचा, दीप्तीचा, बिश्केकहून फोन. डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाचा पेपर चांगला गेला. उद्या "दोघांशीही" बोलायचं आहे म्हणाली. "दोघांशीही" वर जोर होता.

१३ एप्रिल, रविवार

मुलगा आहे.

नाव बेकतुर. हाडांचा डॉक्टर, तिच्याच दवाखान्यात. किरगीझ.

वंदना रडायला लागली. मी विचारलं, गाव कोणतं? दीप्ती म्हणाली नारीन. नारीन म्हणजे डोंगरातलं, अस्सल! मी नकाशा काढून जमिनीवर पसरला. वडील जनावरांचे डॉक्टर, त्यातही घोड्यांचे जास्त. मी म्हटलं, वा! आई शाळेत शिक्षिका. मी नारीन नदीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते पाहत होतो, तेवढ्यात वंदना म्हणाली, "पोरगी हातातून चालली अन् हे नदी पाहून राहिले."

इथे एक नोंद करतो. बाकीच्या बापांनी पोरांना बिश्केकला डॉक्टरी शिकायला पाठवलं ते फी कमी म्हणून. मी पाठवलं ते किरगीझ लोक सायबेरियातल्या येनिसेई नदीच्या काठावरून तिथवर कसे आले याचा अभ्यास करून. (फीसुद्धा पाहिली होती.)

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती, दुकान बंद. आज मारोतराव आले, म्हणजे वंदनाचे थोरले भाऊ. बहिणीनं फोनवर रडून घेतलं होतं, त्यामुळे ते तयारीनं आले होते.

"तुर्क म्हणजे तुर्कस्तानचेच ना, भाऊजी?"

मी डोळे मिटले. आयुष्यात हा प्रश्न मला किती वेळा ऐकावा लागावा! त्यांना खाली बसवलं. समजावलं की तुर्कस्तान हे या लोकांचं पश्चिमेकडचं टोक. सुरुवात तिकडे मंगोलियाच्या बाजूला. आठव्या शतकातले त्यांचे शिलालेख आजही तिथे उभे आहेत. तिथून ते पसरले. उत्तरेला लेना नदीवर याकूत, जिथे थंडीत गोठलेलं दूध कापून विकतात. व्होल्गावर तातार आणि चुवाश. लिथुआनियात मूठभर कराईम. मोल्दोव्हात गागाऊझ. मधल्या भागात कझाख, उझबेक, तुर्कमेन, किरगीझ, पलीकडे उइघुर. आणि दिल्लीच्या तख्तावर बसलेले कित्येक जण त्यांच्यातलेच, ज्यांचा इतिहास तुम्ही शाळेत पाठ केला पण मूळ विचारलं नाही.

मारोतरावांनी चहा संपवला. "मुसलमान आहे काय पोरगा?"

म्हटलं, हो, घरचे मुसलमान. पण चुवाश ख्रिस्ती, गागाऊझ ख्रिस्ती, आणि मंगोलियालगतच्या तुवाचे लोक बौद्ध! तुर्कवंशी आणि बौद्ध, आपल्यासारखे! सोळा वर्षांचा असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर एका फाटक्या पुस्तकात हे वाचलं आणि तिथूनच मी या विषयात पडलो, तो आजतागायत.

मारोतरावांनी थोडा विचार केला. "मंग तुवाचा काहून नाही पाहिला तिनं?"



२० एप्रिल, रविवार

बेकतुरशी पहिल्यांदा फोनवर बोललो, चित्रासकट. दीप्ती शेजारी बसली होती. मुलगा सज्जन दिसतो, गाल लाल. मी "सालामात्सिझबी" म्हणून नमस्कार केला. तो दचकला. मग मी येनिसेईचा विषय काढला. त्याला फारसं माहीत नव्हतं. "शाळेत होतं काहीतरी," म्हणाला. हाडांचा डॉक्टर आहे, चालायचंच.

मग मी मुद्द्यावर आलो. किरगीझांमध्ये प्रत्येकाला आपले सात बाप पाठ असावे लागतात. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असे सात. लग्नाआधी दोन्हीकडचे सात ताडून पाहतात. सातांत एक जरी माणूस दोन्हीकडे निघाला तर रक्त एक, लग्न नाही. मी म्हटलं, मला हे रीतसर पाहिजे.

दीप्ती म्हणाली, "बाबा, नागपूर अन् नारीनमध्ये कोणता आजा एक निघणार आहे?"

म्हटलं, रीत ती रीत. तुझ्या सासऱ्यांना कळू दे की आपण कोण आहोत.

२१ एप्रिल, सोमवार

दीप्तीचा निरोप. बेकतुरच्या वडिलांना, जेनिश त्यांचं नाव, हे ऐकून भरून आलं म्हणे. शहरातली किरगीझ पोरं सात बाप विसरली आणि हिंदुस्थानातला माणूस ते मागतो! ते स्वतः सांगणार. रविवार, १८ मे, दुपारी, फोनवर सगळ्यांसमक्ष. बेकतुर तोवर नागपूरला आलेला असेल. दोन्हीकडचे सात नीट ताडले गेले की लग्न पक्कं. नाही तर नाही. जेनिश याबाबतीत कडक आहेत म्हणे.

मला फार समाधान वाटलं. असाच व्याही पाहिजे. त्यांना "जेनिश-बायके" म्हणायचं, बायके म्हणजे थोरला भाऊ. वंदना म्हणते, हे ती चारचौघांत ऐकून घेणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज वंदनानं मेथी निवडता निवडता विचारलं, "अन् तुमचे सात कोणते?"

मी म्हटलं, सोपं आहे. आणि थांबलो.

वडील दशरथ. आजोबा गोविंदा. मग?

तुर्क सरदार सेल्जूकाचे मुलगे मला पाठ आहेत. उस्मानी सुलतान क्रमानं सांगतो, कोण कितव्या वर्षी गादीवर आला ते. माझ्या आजोबाच्या बापाचं नाव मला माहीत नाही!

थोडा दिलासा एवढाच की मोजणी दीप्तीपासून धरायची. म्हणजे पहिला मी. रविंद्र, दशरथ, गोविंदा. तीन झाले. चार बाकी.

लहानपणी आजोबांना एकदा विचारलं होतं. ते छप्पन साली दीक्षाभूमीवर त्या गर्दीत होते. त्यांनी मला मांडीवरून खाली उतरवलं आणि म्हणाले, "छप्पनपासून मोज." मी तेव्हापासून तसंच मोजत आलो.

४ मे, रविवार

नरखेडकडे भागीरथा आत्याकडे गेलो. वडिलांची बहीण. आमच्या घरात तिच्याइतकं मागचं आठवणारं कोणी उरलं नाही. संत्र्याच्या बगिच्यामागे घर. एसटीतून उतरून चालत गेलो, ऊन असं की चष्म्याची दांडी कानाला भाजत होती.

आत्यानं दारातच विचारलं, "काहून आला गा बापू? कोणी मेलं काय?"

म्हटलं, आजोबांच्या वडिलांचं नाव पाहिजे.

"कोणत्या कामाले? सातबाऱ्यावर चढवतं काय?"

म्हटलं, दीप्तीच्या लग्नाला.  लग्न पोरीचं अन् नाव मेलेल्याचं, हे कोणतं लगन, म्हणाली. मी किरगीझांची रीत सांगायला लागलो. तिनं मध्येच हात केला.

"कचरू."

मी लिहून घेतलं. अन् त्याचा बाप?

"उकंडा."

मी पेन खाली ठेवला. उकंडा म्हणजे उकिरडा. आत्या सांगत राहिली, गॅसवर चहा उतू जाईपर्यंत. तिच्या शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत मला लिहवत नाही.

"त्याच्या आधीचे चार गेले होते. पाचवा झाला तं मायनं त्याले नेऊन उकंड्यावर ठेवलं. शेजारीण गेली. म्हणे, हे काय पडलं आहे वं इथं, कोणाले पाहिजे काय? कोणी हो म्हटलं नाही. मंग तिनं त्याले सुपात घालून आणलं अन् मायले परत देल्लं. कचरा म्हणून आणलेल्याले मरण कायले नेईन? अन् जगला ना तो. म्हणून त्याच्या पोराचं नाव कचरू. एकदा चाललं तं पुन्हा चालते."

आणि उकंड्याचा बाप? मी विचारलं.

"उकंड्याचा बाप."

नाव काय?

"तेच नाव. सारं गाव तेच म्हणे."

परतताना बस काटोलपाशी बंद पडली. सगळे खाली उतरून सावलीत बसले. मी बसमध्येच बसून राहिलो. सात पाहिजेत, पाच झाले. आणि त्यात कचरा आणि उकिरडा! पलीकडे घोड्यांचे डॉक्टर, उंच टोपीवाले, काय काय नावं सांगतील. मी काय सांगू?

९ मे, शुक्रवार

बेकतुर आला, दीप्तीसोबत. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि पुन्हा आत गेला. त्याला वाटलं, विमानाच्या इंजिनाची हवा लागली. दीप्तीनं सांगितलं, हे नागपूर आहे.

घरी आल्यापासून कूलरसमोर बसला आहे. जेवताना ताटही तिथेच. घोडीच्या आंबवलेल्या दुधाला जवळचं म्हणून मी आंबट ताक करवून घेतलं होतं, मातीच्या भांड्यात. त्यानं एक घोट घेतला आणि कोल्ड्रिंक आहे का विचारलं. सावजी मटण मात्र दोनदा घेतलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात थांबला नाही. वंदना आतून पाहत होती. "खाणारा आहे," एवढंच म्हणाली. मला वाटतं तिचं निम्मं मन वळलं.

संध्याकाळी दुकानात नेलं. मराठी अक्षरं दीप्तीनं त्याला शिकवली आहेत, तो एकेक लावून वाचतो. पाटीसमोर उभा राहिला. याकूत, चुवाश, तातार, गागाऊझ, काराकालपाक! कुठेही अडखळला नाही. मग विचारलं, "आम्ही कुठे?" मी म्हटलं, वाच. त्यानं वाचलं. सगळ्यात खालच्या ओळीत, सगळ्यात बारीक अक्षरांत, किरगीझ. नजर उत्तम आहे.

पण मला लाज वाटली. वर जागा करायला हवी.

११ मे, रविवार

वंदनाला सगळं सांगितलं. तिच्या दृष्टीनं हा प्रश्नच नव्हता. "केशवराव म्हणा, उत्तमराव म्हणा. नारीनहून कोण येते तपासाले?"

मी म्हटलं, चष्म्याची काच दोन अंशांनी फिरली तर माणसाचं डोकं दुखतं. माझ्या दुकानातून आजवर तशी काच गेली नाही.

म्हणाली, "काच नाही म्हणून राहिली मी. आजा म्हणून राहिली."

दुपारी कागद घेऊन बसलो. फक्त पाहावं म्हणून. कचरूच्या जागी केशवराव. उकंड्याच्या जागी उत्तमराव. सहावे आनंदराव, सातवे जयवंतराव. मोठ्यानं म्हणून पाहिलं. फार चांगलं वाटलं. मग शंका आली. त्या काळी आमच्यात कोणी जयवंतराव नाव ठेवू दिलं असतं काय? पोराच्या नावाला "राव" लावला असता तर गावानं बापाला विचारलं असतं. खोटं असलं तरी काळाशी जुळलं पाहिजे! जयवंतराव रद्द केले. मग आनंदरावही टिकेनात. मग केशवराव.

शेवटी लक्षात आलं, काळाशी जुळणारी नावं आत्यानं सांगितली तीच आहेत.

तरी उत्तमराव ठेवले. कागद खिशात.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो. बेकतुर सोबत, पांढऱ्या सदऱ्यात. बायकांनी दीप्तीला घेरून प्रश्न विचारले. त्यांतल्या शोभाताईंनी मलाच गाठलं. "पोरगा चिनी आहे काय गा, रविंद्र?" वंदनानं माझी बाही धरली, नाही तर मी तिथेच सुरू होतो.

१८ मे, रविवार

सविस्तर लिहितो.

फोन टीव्हीला जोडला. मी टाय बांधला. सोफ्यावर मी, वंदना, दीप्ती. मारोतराव मागे खुर्चीत, साक्षीदार म्हणून. बेकतुर कूलरपाशी. पलीकडे जेनिश-बायके, डोक्यावर उंच पांढरी टोपी, भिंतीवर गालिचा, शेजारी त्यांची बायको. ते किरगीझमध्ये बोलायचे, बेकतुर इंग्रजीत सांगायचा, दीप्ती मराठीत. माझं उलट्या क्रमानं जायचं. त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर हसू तिकडे उशिरा पोचत होतं.

ते उभे राहिले. हात छातीवर. जेनिश. त्यांचे वडील ट्रॅक्टरबेक! त्यांच्या जन्मावेळी गावात पहिला ट्रॅक्टर आला म्हणून. (हे मूळचं तुर्की नाव नव्हे, नोंद करून ठेवतो.) मग ओस्मोन. मग कुबात. मग पाचवा.

"तेझेक."

मी ताठ झालो. त्या खोलीत बेकतुर सोडला तर त्या शब्दाचा अर्थ मलाच माहीत होता. तेझेक म्हणजे वाळलेलं शेण, जाळायचं. आपली गोवरी.

मला वाटलं ते पटकन पुढे जातील. ते थांबले. बेकतुर सांगू लागला, दीप्ती सांगू लागली. तेझेकच्या आधीची मुलं जगत नव्हती. म्हणून आईबापांनी त्याचं नाव शेण ठेवलं, म्हणजे मरण त्याच्याकडे पाहणार नाही. जेनिश म्हणाले, बाकीची सहा नुसती नावं आहेत. गोष्ट एवढ्या एकाचीच आहे. तो जगला म्हणून आम्ही सगळे. मग पुढचे दोन सांगितले, सरीबाय आणि जानिबेक, आणि खाली बसले.

"आता तुम्ही," दीप्ती म्हणाली.

कागद माझ्या हातात होता. त्यावर उत्तमराव होते.

मी उभा राहिलो. रविंद्र. दशरथ. गोविंदा. कचरू.

दीप्तीनं वळून पाहिलं. हे नाव तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"उकंडा," मी म्हणालो. "पुढचे दोन माहीत नाहीत."

मग आत्यानं सांगितलं ते सांगितलं. उकंड्यावर ठेवलेलं पोर, शेजारीण, सूप. दीप्ती इंग्रजीत सांगता सांगता मध्येच थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सांगायला लागली. बेकतुरनं कूलर बंद केला आणि हळू आवाजात वडिलांना सांगितलं.

तिकडे कोणी हललं नाही. मला वाटलं नेटवर्क अडकलं. मारोतराव म्हणाले, "गेली वाटते लाइन."

मग जेनिशनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. चेहरा गंभीर. एक वाक्य बोलले. बेकतुरनं मान खाली घातली. दीप्तीनं हळूच सांगितलं, "ते म्हणतात, पाचव्या पिढीत दोन्हीकडे माणूस एकच आहे. रक्त एक निघालं. लग्न होऊ शकत नाही."

 अभ्यास माणसाला अशाच वेळी उपयोगी पडतो. मी सुरू झालो. म्हटलं, हे अशक्य आहे. किरगीझ येनिसेईवरून तियानशानमध्ये आले, ते दक्षिणेला नर्मदा ओलांडून कधीच आले नाहीत. दिल्लीत जे तुर्क आले ते दुसऱ्या शाखेचे, आणि त्यांच्यातला कोणी नरखेडला येऊन उकंड्यावर मूल ठेवून गेल्याचा एकही पुरावा नाही. तसंच आमच्याकडून कोणी नारीनला गेल्याचाही नाही. शिवाय हाडांची ठेवण! मी बेकतुरच्या गालांकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या.

वंदनानं माझा सदरा ओढला. "अहो, बसा खाली. ते हसून राहिले."

खरंच हसत होते. जेनिश टोपीनं डोळे पुसत होते. त्यांनी आतून सगळ्यांना हाक मारली. म्हाताऱ्या, पोरं, एक शेजारी, सगळे पडद्यापुढे आले आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ती गोष्ट सांगितली गेली. प्रत्येक वेळी "उकंडा" म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे.

पुढच्या दोघांचं कोणी विचारलंच नाही.

१९ मे, सोमवार

मारोतराव बाजारात सगळ्यांना सांगत सुटले. "लोक पत्रिका पाहतात, शेती पाहतात. आमच्या भाऊजीनं उकंड्यावर सोयरीक जमवली."

२ जून, सोमवार

पाटी नव्यानं रंगवली. किरगीझ वरून तिसरी ओळ. गागाऊझ खाली नेलं. गिऱ्हाइकांना आता थोडं सोपं जाईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

लग्न झालं. जेनिश-बायके आले, टोपीसकट. भागीरथा आत्याला पाहिल्यावर तिच्या पाया पडले. आत्या मला म्हणाली, "हाच काय गा तो शेणवाला?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "घरचा वाटते."

९ जुलै, गुरुवार (नवी वही)

बाळ दोन महिने आधी आलं. मुलगा. काचेच्या पेटीत आहे. आईबाप दोघे डॉक्टर असून मला नीट काही सांगत नाहीत. दीप्ती एवढंच म्हणाली, "बाबा, चांगलं नाव इतक्यात नको." तिकडे जेनिश त्याला तेझेक म्हणतात. मी दुकानात गेलो. याकूत पुसलं. सगळ्यात वरच्या ओळीत, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, रंगवलं: उकंडा. लांबून वाचता आलं पाहिजे.